जळालेल्या दाण्यांची साक्ष

धान्याचा दाणा मातीत पडला की उगवतो, कुजतो किंवा किड्यांच्या पोटात जातो. हजारो वर्षे टिकायचे तर त्याला आधी जळावे लागते, तेही बेताने. ज्वाळेत सापडला तर त्याची राख होते. राखेखाली, हवा न लागता धुमसत राहिला तर कोळसा होतो आणि आकार जसाच्या तसा राहतो. कोळशाला बुरशी लागत नाही, कीड खात नाही. पुरावनस्पतिशास्त्राचा मोठा भाग अशा करपलेल्या दाण्यांवर उभा आहे.

उत्खननातली चूल, राखेचा खड्डा, बळदाचा तळ अशा जागांची माती पाण्यात कालवली की कोळसा झालेले दाणे वर तरंगतात. ते बारीक जाळीच्या चाळणीवर धरून सावलीत वाळवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली निवडतात. गव्हाचा दाणा फुगीर, तर जवाचा दोन्ही टोकांना निमुळता. सहा ओळींच्या जवात प्रत्येक पेरावर तीन दाणे असतात, मधला सरळ आणि बाजूचे दोन किंचित पिळलेले. म्हणून ढिगात पिळलेले दाणे सरळ दाण्यांच्या दुप्पट निघाले, तर जव सहा ओळींचा होता हे कळते. तूस आणि ओंबीचे तुकडे पुष्कळ असतील, तर मळणी-उफणणी जवळच होत असावी. शेणी जाळलेल्या चुलीत मात्र गुरांनी खाल्लेल्या गवताचे बीही सापडते, त्यामुळे चुलीतले प्रत्येक बी माणसाच्या ताटातले मानता येत नाही.

महाराष्ट्रातले सर्वांत बोलके उदाहरण इनामगावचे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठच्या या ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे उत्खनन डेक्कन कॉलेजने १९६८ पासून दीड दशक केले. ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी ही त्यातली प्रमुख नावे. वनस्पती-अवशेषांचा अभ्यास मु. द. काजळे यांनी केला. सुमारे इ.स.पू. १६०० ते ७०० या काळातल्या या गावाचे मुख्य धान्य जव होते. जोडीला गहू, मसूर, वाटाणा, लाख, हुलगा आणि वाल. जव, गहू, मसूर ही रब्बीची पिके, हुलगा पावसाळ्यातला. म्हणजे दोन्ही हंगाम साधणारी शेती इथे तीन हजार वर्षांपूर्वी रुळली होती. नदीचे पाणी वळवणारा पाट आणि बांधही उत्खननात मिळाला.

आज ज्या ज्वारी-बाजरीशिवाय या भागाचे जेवण डोळ्यांसमोर येत नाही, ती पिके मूळची आफ्रिकेची. भारतात ती नेमकी केव्हा रुजली हा वादाचा विषय आहे. जुन्या अहवालांतल्या नाचणीच्या काही नोंदी फेरतपासणीत संशयास्पद ठरल्या, कारण करपलेली बारीक तृणधान्ये एकमेकांसारखी दिसतात. आता एकेका दाण्याचे थेट कालमापन करता येते. वरच्या थरातून उंदराच्या बिळावाटे खाली घसरलेला दाणा त्यातून उघडा पडतो, आणि कुठल्याही जुन्या दाव्यासाठी ही कसोटी लावलीच पाहिजे.

इ.स.पू. १००० नंतरचे इनामगाव खालावलेले दिसते. मोठी चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, गहू घटला, शिकार वाढली. ढवळीकरांनी याचे कारण वाढत्या कोरडेपणात शोधले. मांडणी पटण्यासारखी आहे. पण हवामानाचा पुरावा वस्तीबाहेरून, स्वतंत्रपणे यायला हवा, नाहीतर गहू घटला म्हणून पाऊस कमी आणि पाऊस कमी म्हणून गहू घटला, असे वर्तुळ तयार होते. असा पुरावा आता मिळू लागला आहे. गोदावरीच्या मुखासमोरच्या समुद्रतळातील गाळात पानांवरच्या मेणाचे अंश सापडतात. त्यांवरून सुमारे चार हजार वर्षांपूर्वीपासून गोदावरी खोऱ्यात कोरड्या हवेत तगणाऱ्या वनस्पती वाढत गेल्याचे दिसते. लोणार सरोवराच्या गाळात मात्र दीर्घ अवर्षणाचे दोन टप्पे दिसतात, ४६०० ते ३९०० आणि २००० ते ६०० वर्षांपूर्वीचे. इनामगावचा पडता काळ या दोन्हींच्या मधला आहे. त्यामुळे केवळ दुष्काळाने गाव मोडले असे ठामपणे म्हणणे घाईचे ठरते. जमिनीचा कस, चराईचा ताण, बाजारपेठांशी तुटलेले संबंध यांचाही विचार करावा लागतो.

या प्रश्नावर दाण्यांकडूनच आणखी माहिती मिळू शकते. पिकाला पाण्याची ओढ बसली की दाण्यातील कार्बनच्या दोन समस्थानिकांचे प्रमाण बदलते आणि योग्य रीतीने करपलेल्या दाण्यात ते बरेचसे टिकून राहते. एकाच वस्तीतल्या वेगवेगळ्या थरांतला जव असा मोजला, तर त्याला पाटाचे पाणी मिळत होते की तो पावसावरच वाढला होता, याचा अंदाज बांधता येतो.