पाळण्यातले मृत्यू आणि कर्त्या वयातले मृत्यू : एस्टोनियाच्या दोन रेषा

मागच्या व्याख्यानात आपण सरासरी आयुर्मान कसं काढतात ते पाहिलं. तेव्हा दोन-तीन जणांनी विचारलं होतं की हा एकच आकडा सगळं सांगतो का? नाही सांगत. का नाही सांगत, हे दाखवायला आज आम्ही एक अगदी छोटा देश निवडला आहे. एस्टोनिया. बाल्टिक समुद्राच्या काठावर, वर फिनलंड, पूर्वेला रशिया, खाली लॅटव्हिया. लोकसंख्या साधारण १३ लाख. म्हणजे आपलं नाशिक शहरसुद्धा त्याहून मोठं. १९४० पर्यंत स्वतंत्र, मग जवळजवळ पन्नास वर्षं सोव्हिएत संघात, आणि ऑगस्ट १९९१ मध्ये पुन्हा स्वतंत्र.

एवढ्याशा देशात आपल्याला काय रस? तर या देशात एकाच काळात, त्याच दवाखान्यांत, तेच डॉक्टर असताना, लहान मुलं वाचत गेली आणि बाप्ये मरत गेले. ही गोष्ट नीट समजली तर मृत्युदराचा कुठलाही तक्ता वाचताना आपण वेगळे प्रश्न विचारायला लागतो.

आधी दोन मापं. अर्भकमृत्यू दर म्हणजे जिवंत जन्मलेल्या हजार बाळांपैकी किती बाळं पहिला वाढदिवस पाहत नाहीत. हे सोपं आहे. प्रौढ मृत्यूचं माप जरा वाकडं आहे. पंधरा वर्षांचे हजार जण आहेत अशी कल्पना करा. त्या एका वर्षी प्रत्येक वयाला जो मृत्युदर होता, तोच या हजार जणांना आयुष्यभर लागू राहिला, तर साठी गाठायच्या आत त्यातले किती जातील? तो आकडा. इथे ‘कल्पना करा’ हे शब्द विसरू नका. हे भविष्य नव्हे. त्या वर्षी समाजाची तब्येत कशी होती याचा तो फोटो आहे.

आता पहिली रेषा. १९९२ साली एस्टोनियाचा अर्भकमृत्यू दर हजारी १६ च्या आसपास होता. महाराष्ट्राचा २०२० चा आकडाही नेमका १६ आहे, म्हणजे अंतर किती ते कळेल. २००० मध्ये तो साडेआठच्या खाली आला, २०१० मध्ये सव्वातीनच्या आसपास, आणि २०१९ मध्ये दोनच्याही खाली. जगातल्या सर्वांत कमी दरांच्या यादीत आज हा देश बसतो. पंचवीस-सत्तावीस वर्षांत.

पण या रेषेत एक खोच आहे. १९९१ मध्ये दर १३ च्या आसपास आणि १९९२ मध्ये एकदम १६ च्या आसपास. लगेच म्हणावंसं वाटतं, बघा, सोव्हिएत व्यवस्था कोसळली आणि बाळं मरायला लागली. थांबा. सोव्हिएत नियमानुसार २८ आठवड्यांच्या आत जन्मलेलं, किंवा एक किलोपेक्षा कमी वजनाचं, किंवा ३५ सेंटिमीटरपेक्षा कमी लांबीचं बाळ पहिल्या सात दिवसांत गेलं, तर ते ‘जिवंत जन्मलं’ असं धरतच नसत. श्वास घेतला असला तरी. १९९२ पासून एस्टोनियानं जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या घेतली आणि ही बाळं पहिल्यांदा मोजली गेली. म्हणजे त्या वाढीतला चांगला मोठा भाग मृत्यूंचा नसून मोजणीचा आहे. जी बाळं आधीही जात होती, ती आता कागदावर आली. आमच्या मते ही खोच त्या आलेखातली सर्वांत प्रामाणिक जागा आहे. बाकी सोव्हिएत काळात तर १९७० च्या दशकाच्या मध्यानंतर संघाचे अर्भकमृत्यूचे आकडे प्रसिद्ध करणंच बंद झालं होतं. आकडे वाईट व्हायला लागले की आकडेच लपवायचे, हे काही फक्त तिकडंच घडत नाही.

मग बाळं वाचली कशानं? एक कारण फारसं कुणी सांगत नाही, ते म्हणजे बाळं कमी झाली. १९८८ मध्ये देशात २५ हजारांच्या आसपास बाळं जन्मली. दहा वर्षांनी, १९९८ मध्ये, १२ हजारांच्या आसपास. नोकरीची शाश्वती नाही, पगार उरत नाही, तर लोकांनी मूल लांबवलं. तो देशाच्या दृष्टीनं मोठाच धक्का होता, पण दवाखान्याच्या दृष्टीनं निम्म्या बाळांकडे लक्ष द्यायचं होतं. नाजूक बाळंतपणं टाल्लिन आणि तार्तू या दोन शहरांकडे पाठवता येतात, कारण देश छोटा आहे. १९९२ पासून आरोग्य विमा आला, नव्वदीच्या उत्तरार्धात प्रत्येकाला ठरलेला कुटुंब-डॉक्टर ही पद्धत आली, गरोदर बाईची नोंद लवकर व्हायला लागली. म्हणजे ठरावीक लोकांनी ठरावीक जागी ठरावीक काम चोख केलं की अर्भकमृत्यू खाली येतो. पैसा लागतो, पण माणसाचा अख्खा जीवनक्रम बदलावा लागत नाही.

(इथे एक सावधगिरी. २०१९ मध्ये तिथं १४ हजारांच्या आसपास बाळं जन्मली. हजारी दोनच्या खाली म्हणजे सगळी मिळून पंचवीसेक बाळं दगावली. पुढच्या वर्षी सात जास्त गेली तर दर अर्ध्या अंकानं चढतो, आणि वर्तमानपत्रात ‘बालमृत्यू वाढले’ असा मथळा. छोट्या देशाचा एका वर्षाचा आकडा कधी हातात धरून बसू नये. चार-पाच वर्षं एकत्र पाहावीत.)

आता दुसरी रेषा, आणि खरं व्याख्यान इथे आहे.

१९६० च्या आसपास एस्टोनिया आणि फिनलंड यांचं आयुर्मान जवळपास सारखं होतं. भाषा जवळच्या, हवामान तेच, मध्ये समुद्राची ऐंशी किलोमीटरची पट्टी. पुढची तीस वर्षं फिनलंड चढत गेला आणि एस्टोनिया जागच्या जागी राहिला. मधे फक्त एकदा उसळी आली. मे १९८५ मध्ये गोर्बाचेव्ह यांनी दारूविरोधी मोहीम काढली. दुकानं कमी, वेळ कमी, किंमत जास्त. एस्टोनियातल्या पुरुषांचं आयुर्मान तीन-चार वर्षांत सुमारे दोन वर्षांनी वाढून १९८८ मध्ये साडेसहासष्टच्या आसपास गेलं. नवं औषध आलं नव्हतं, नवं इस्पितळ आलं नव्हतं. बाटली दूर गेली होती एवढंच.

मग मोहीम बारगळली, सोव्हिएत संघ गेला, १९९२ मध्ये रूबल जाऊन क्रोन आलं, किमती भडकल्या, सामूहिक शेतं मोडली, रशियाच्या बाजारावर चालणारे कारखाने थांबले. आणि १९९४ मध्ये पुरुषांचं आयुर्मान साठ-साडेसाठ. सहा वर्षांत सहा वर्षांची घट. स्त्रियांची घट झाली, पण दोनेक वर्षांची. पंधरा वर्षांच्या हजार मुलांचं जे माप सांगितलं, त्यानुसार त्या वर्षी तिघांतल्या एकाहून अधिक पुरुष साठीच्या आत गेले असते. महायुद्ध नाही, दुष्काळ नाही, साथ नाही.

एका श्रोत्यांनी मघाशी विचारलं, त्याच वर्षी ‘एस्टोनिया’ नावाचं जहाज बुडालं ना, त्याचा परिणाम असेल. प्रश्न चांगला आहे. २८ सप्टेंबर १९९४ ला ती फेरी बुडाली, ८५२ माणसं गेली. पण त्यात निम्म्याहून अधिक स्वीडनची होती. एस्टोनियाची तीनशेच्या आत. त्या वर्षी देशात एकूण मृत्यू सुमारे २२ हजार. म्हणजे ज्याची आजही दर वर्षी आठवण काढतात, ते संकट त्या वर्षाच्या मृत्यूंत शंभरात एक-दीड भरतं. बाकीचे कुठल्याही मथळ्याशिवाय गेले. हृदयविकार, विषारी दारू, बुडणं, गारठणं, मारामारी, रस्ता. आत्महत्यांचा दर लाखामागे चाळिसाच्या आसपास गेला होता. १९९१ मध्ये रस्त्यावर जवळपास ४९० माणसं मेली. २०१७ मध्ये ४८.

आणि कोण गेले, हे बघितल्याशिवाय ही रेषा कळतच नाही. माल लेइन्सालू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ आणि २००० या दोन वर्षांची शिक्षणाप्रमाणे तुलना केली, ती २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. २००० मध्ये पंचवीस वर्षांचा पदवीधर पुरुष, सर्वांत कमी शिकलेल्या पुरुषापेक्षा १३ वर्षं जास्त जगण्याची अपेक्षा करू शकत होता. बायकांत हे अंतर साडेआठ वर्षांचं. त्याहून महत्त्वाचं, त्या दशकात पदवीधरांचं आयुष्य वाढलं आणि कमी शिकलेल्यांचं घटलं. एकाच देशात, एकाच कायद्याखाली. ‘देशाचं आयुर्मान थोडं कमी झालं’ असं आपण म्हणतो, तेव्हा ते कुणाचंच खरं आयुर्मान नसतं.

त्यातही ईशान्येचा इदा-विरू भाग, नार्वा शहर. बहुसंख्य रशियन बोलणारे, कारखान्यात कामाला आलेले, स्वातंत्र्यानंतर अनेकांना नागरिकत्वही आपोआप मिळालं नाही. २००० च्या सुमारास तिथं सुया टोचणाऱ्या तरुणांत एचआयव्हीची लाट आली. पाठोपाठ हेरॉइनच्या जागी फेंटानिल. २०१२ मध्ये अमली पदार्थांच्या अतिसेवनानं १७० जण गेले. लोकसंख्येच्या मानानं युरोपीय संघात सर्वांत जास्त. बाळं वाचवणारा देश तोच, वर्षही तेच.

विषारी दारूचं म्हणाल तर सप्टेंबर २००१ मध्ये पार्नू भागात चोरलेलं मिथेनॉल व्होडका म्हणून विकलं गेलं आणि ६८ माणसं दगावली. मुंबईत मालवणीला २०१५ मध्ये जे झालं, तेच. तिथंही पिणारे गरीबच होते.

पुढे रेषा वळली. रशिया १९९८ नंतर पुन्हा घसरला, एस्टोनिया नाही. तरी पुरुषांना १९८८ ची पातळी ओलांडून स्थिर व्हायला २००० नंतरची काही वर्षं लागली. २०१९ मध्ये पुरुष ७४ च्या पुढे, स्त्रिया ८२ च्या पुढे. साठीच्या आत जाणाऱ्या पुरुषांचं प्रमाण हजारी दीडशेच्या आसपास आलं. रक्तदाबाची औषधं, सुधारलेले रस्ते, पट्टा बांधायची सवय, दारूवर कर, जाहिरातीवर बंधनं, २०१३ पासून व्यसनींच्या हाती नॅलोक्सोन, आणि २०१७ मध्ये फेंटानिलच्या पुरवठ्यावर पोलिसांची धाड. एकच एक उपाय दाखवता येत नाही, हेच तर बाळांच्या रेषेपेक्षा वेगळं आहे.

आणि हे उपाय टिकवणंही कठीण. दारूवरचा कर वाढवला तर लोक गाड्या घेऊन सीमेपलीकडे लॅटव्हियातल्या वाल्का गावी जायला लागले. एस्टोनियातलं वाल्गा आणि ते वाल्का हे तसं एकच गाव, मधून सीमारेषा गेलेली. महसूल बुडायला लागला. १ जुलै २०१९ पासून सरकारनं बिअर आणि कडक दारूवरचा कर पाव भागानं कमी केला. महिन्याभरात लॅटव्हियानंही कडक दारूवरचा कर उतरवला. कोरोनानं २०२१ मध्ये आयुर्मान पुन्हा खाली ओढलं. फेंटानिल हटलं त्या जागी नायटाझिन नावाची नवी रसायनं आली आणि २०२२ पासून अतिसेवनाचे मृत्यू परत चढले.

अर्भकमृत्यूची रेषा मात्र या सगळ्यात जवळपास सपाट राहिली, तळाशी.