संकेतस्थळाचा धंदा : भांडवल घालण्यापूर्वींची परीक्षा

सुशिक्षित कुटुंबांतून हल्लीं एक नवाच प्रश्न उपस्थित होऊं लागला आहे. पूर्वीं घरांतील मुलानें धंद्याची गोष्ट काढली म्हणजे दुकानाची जागा, माल, उधारी आणि पेढीवरील पत यांचा विचार होत असे. आतां मुलगा, मुलगी अथवा सून म्हणते, “मीं अमुक एका विषयाचें संकेतस्थळ काढण्याचें योजिलें आहे; त्यांतून चार पैसे मिळतील.” यास जागा लागत नाहीं, गुमास्ता लागत नाहीं, आरंभींचा खर्चही बेताचा दिसतो. वडील मंडळींत मग तत्काळ दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, “हीं पोरकट खुळें आहेत.” दुसरा पक्ष कोणा ओळखीच्या मुलानें लाखो रुपये मिळविल्याची ऐकीव हकीकत सांगून ठेव मोडण्यास निघतो. आमच्या मतें हे दोन्ही पक्ष सारखेच घाईचे आहेत. सूनबाई हातची नोकरी सोडणार असेल, किंवा सासऱ्यांच्या निवृत्तीच्या पुंजींतून रक्कम जाणार असेल, तर ती कल्पना आवडली कीं नाहीं हें महत्त्वाचें नाहीं. ती तपासली कीं नाहीं हें महत्त्वाचें आहे. आणि ही तपासणी घरबसल्या, अल्प खर्चांत करतां येते.

विवेचन सुलभ व्हावें म्हणून एक उदाहरण घेऊं. समजा, घरांतील सुनेस नऊवारी लुगड्यांची उत्तम जाण आहे. नेसण्याचे प्रकार, वाण, काठ, शिवलेल्या नऊवारीचें बेतणें हें सर्व तिला येतें, आणि या एकाच विषयास वाहिलेलें स्थळ काढावें असें तिच्या मनांत आहे. विषय लहान आहे हा कांहीं दोष नव्हे. जेफ बेझोस यांनीं १९९४ सालीं विक्रीयोग्य अशा २० वस्तूंची यादी करून तींतून केवळ पुस्तकें निवडलीं. कारण पुस्तकांचे प्रकार इतके असंख्य कीं कोणत्याही एका दुकानांत ते मावणें शक्य नव्हतें. १९९५ च्या जुलैंत अ‍ॅमेझॉनचें दुकान उघडलें तें पुस्तकांचेंच. २०११ सालीं ब्रायन लॅम यांनीं काढलेलें ‘वायरकटर’ हें स्थळ तर ‘कोणतें यंत्र घ्यावें’ एवढाच सल्ला देई. २०१६ सालीं ‘न्यूयॉर्क टाइम्स’नें तें सुमारें ३ कोटी डॉलरांस विकत घेतलें. क्षेत्र अरुंद असलें तरी चालतें; मात्र त्यांत गिऱ्हाईक असावें लागतें.

शोधणारे किती?

पहिली पाहणी ही कीं, लोक हा विषय शोधतात काय. गूगलच्या शोधपेटींत शब्द लिहूं लागतांच खालीं जीं पूर्ण वाक्यें सुचविलीं जातात, तीं बहुतांशीं इतरांनीं विचारलेल्या प्रश्नांवरून आलेलीं असतात. तीं वहींत उतरून घ्यावीं. ‘नऊवारी’, ‘नौवारी’ आणि रोमन लिपींत लिहिलेला तोच शब्द, असे सर्व प्रकार तपासावे. कारण आपले लोक एकच गोष्ट तीन तऱ्हांनीं लिहितात. २००६ पासून ‘गूगल ट्रेंड्स’ हें विनामूल्य साधन उपलब्ध आहे. त्यांत मागणीची चढउतार ० ते १०० या प्रमाणांत दिसते. मात्र १०० याचा अर्थ शंभर माणसें असा नव्हे. निवडलेल्या काळांतील तो सर्वांत उंच बिंदु होय. त्यावरून मोसम कळतो, संख्या कळत नाहीं. नऊवारीची मागणी लग्नसराई, पाडवा व गणेशोत्सव यांच्या आसपास वाढणार आणि एरवीं ओसरणार, हें उघड आहे. म्हणून ऐन सणांतील आंकड्यावर वर्षाचा अंदाज बांधूं नये. संख्येच्या अदमासासाठीं जाहिरातदारांकरितां गूगलनेंच ठेवलेलें ‘कीवर्ड प्लॅनर’ पाहावें.

पैसे देणारे किती?

शोधणारा आणि खर्च करणारा हे एक नव्हेत. ‘नऊवारी कशी नेसावी’ हें विचारणारी मुलगी उत्तर वाचून निघून जाते. ‘शिवलेली नऊवारी पुण्यांत कोठें मिळेल’ हें विचारणारी पर्स उघडून बसलेली असते. शोधाच्या उत्तरांवर व्यापाऱ्यांच्या जाहिराती दिसत असतील तर तें सुचिन्ह समजावें, कारण कोणी तरी त्या गिऱ्हाइकासाठीं पैसे मोजीत आहे. प्रतिस्पर्धी मुळींच नसणें ही पुष्कळदां आनंदाची गोष्ट नसून, तेथें बाजारच नसल्याची खूण असते. उलट पहिलीं दहाही उत्तरें मोठ्या दुकानांचीं व वृत्तपत्रांचीं असतील तर नवख्यास शिरकाव कठीण. तशांत २०२४ पासून गूगलनें पुष्कळ प्रश्नांवर यंत्ररचित सारांश आरंभींच देण्यास सुरुवात केली आहे. सबब, केवळ सर्वत्र आढळणारी माहिती पुन्हां लिहून वाचक येतील ही आशा धरूं नये. सूनबाईच्या हातचें बेतणें मात्र सारांशांत मावत नाहीं. तिचें खरें भांडवल तेंच आहे.

अदमासाचा जमाखर्च

आतां कागद घेऊन बसावें. पुढील आंकडे केवळ समजुतीकरितां धरलेले आहेत. प्रत्येकानें आपापले घालावे. महिन्यास १०,००० भेटी झाल्या, त्यांतील शेंकडा १ जणानें जाहिरात दाबली, आणि दर वेळीं ३ रुपये मिळाले, तर प्राप्ति ३०० रुपये. नांव व जागा यांचा वार्षिक खर्च ६,००० धरला तर महिन्याचे ५०० होतात. म्हणजे जाहिरातींवर तेवढाही खर्च निघत नाहीं. तो निघण्यास सुमारें १७,००० भेटी लागतील. सूनबाईचे महिन्याचे ६० तास, तासास १०० रुपयांनीं, हिशेबांत धरले तर २ लाखांहून अधिक भेटी हव्यात. घरच्या बाईचे श्रम फुकट धरून नफा दाखविण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. तो नफा खोटा होय.

दुसरा मार्ग दलालीचा. १०,००० पैकीं ४ जणींनीं दुसऱ्याच्या दुकानांतून ३,००० रुपयांचें लुगडें घेतलें, आणि शेंकडा ५ दलाली मिळाली, तर ६०० रुपये. तिसरा मार्ग शिकविण्याचा. १० जणींनीं १,२०० रुपये देऊन शिवणाचा वर्ग घेतला तर १२,००० रुपये. वाचक तेवढेच, परंतु प्राप्तींत चाळीसपट अंतर! म्हणून ‘संकेतस्थळ चालेल काय’ हा प्रश्नच अपुरा आहे. ‘कोणत्या मार्गानें चालेल’ हें आधीं ठरविलें पाहिजे. दर विक्रीमागें तोटा असेल तर गिऱ्हाइकें वाढून तो भरून निघत नाहीं. अमेरिकेंतील ‘पेट्स डॉट कॉम’ या मंडळीनें पाळीव जनावरांचें खाद्य खरेदीच्याही खालीं विकलें. तिनें २००० च्या फेब्रुवारींत लोकांस भाग विकले, आणि त्याच वर्षीं नोव्हेंबरांत दुकान बंद केलें.

लहानसा प्रयोग

कागदावरील हिशेबाची कसोटी प्रत्यक्ष व्यवहारांत लागते. १९९९ सालीं सॅन फ्रान्सिस्को येथील निक स्विनमर्न या तरुणास जोडे घरबसल्या विकण्याची कल्पना सुचली. लोक पायांत घालून पाहिल्याविना जोडे घेणार नाहींत, असें सर्व शहाणे म्हणत. अमेरिकेंत पादत्राणांची ४,००० कोटी डॉलरांची विक्री होते आणि तींतील शेंकडा ५ टपालानें होते, हें त्यानें दाखविलें. म्हणजे न पाहतां जोडे घेणारे लोक होतेच. परंतु माल न भरतां तो गांवांतील दुकानांत गेला, जोड्यांचीं छायाचित्रें घेतलीं, तीं संकेतस्थळावर मांडलीं, आणि मागणी आली कीं दुकानांतून पूर्ण किंमतीस जोडा घेऊन धाडला. त्यांत नफा नव्हता. पण गिऱ्हाईक आहे हें सिद्ध झालें. तीच पुढें ‘झॅपोस’ म्हणून नांवारूपास आली, आणि २००९ सालीं अ‍ॅमेझॉननें विकत घेतली.

आपल्याकडेही हा मार्ग अपरिचित नाहीं. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनीं ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’चें अवाढव्य काम अंगावर घेतलें तेव्हां मर्यादित मंडळी स्थापिली, भाग विकले, आणि आगाऊ वर्गणीदार मिळविण्यासाठीं अपार खटपट केली, त्या कोशाचे २३ खंड निघाले. ‘आधीं वर्गणीदार, मग छपाई’ हा त्यांतील धडा आजही खरा आहे.

तेव्हां सूनबाईनें शंभर पानांचें स्थळ उभारण्याऐवजीं एकच पान लिहावें, आणि एका लहान वर्गाची सूचना द्यावी. नातलगांस ‘कसें वाटतें?’ असें विचारूं नये. मावशी, आत्या, वन्सं सर्व ‘फार छान’ असेंच म्हणणार, आणि तें सौजन्य आहे, मागणी नव्हे. ‘गेल्या वर्षांत तुम्हीं यावर किती खर्च केलात?’ हें अनोळखी बायकांस विचारावें. दहा अपरिचित बायकांनीं आगाऊ पैसे भरले, तर तो पुरावा होय.

घरांतील करार

प्रयोगास मुदत व मर्यादा आधींच घालावी. तीन महिने आणि दहा हजार रुपये, अशी रक्कम घरांतील सर्वांच्या समक्ष वहींत लिहून ठेवावी. तोंपर्यंत नोकरी सोडूं नये, ठेव मोडूं नये, दागिना गहाण टाकूं नये. दहांऐवजीं दोनच बायका आल्या तर ‘आणखी थोडें’ म्हणून मर्यादा वाढवूं नये. त्याचप्रमाणें वडील मंडळींनींही त्या तीन महिन्यांत रोज टोचून विचारूं नये. स्वयंपाकघरांतील वांटणींत सूनबाईस तिचे ठरलेले तास मोकळे द्यावे. ती सवड मिळाली नाहीं तर कल्पनेची परीक्षा झालीच नाहीं असें होईल.

उत्तर ‘नाहीं’ असें आलें, तर कुटुंबानें दहा हजारांत कित्येक लाखांचा तोटा टाळला. ‘होय’ असें आलें, तर पुढील रक्कम ऐकीव हकीकतीवर न जातां दहा गिऱ्हाइकांच्या अनुभवावर घातली जाईल, आणि तेव्हां ठेव मोडावी कीं नाहीं याचा निर्णय सर्वांनीं मिळून शांतपणें करावा.