सुगंधी तेले आणि पचनमार्गाची हालचाल

वनस्पतिजन्य सुगंधी तेलांतील काही घटक कीटकांच्या ऑक्टोपामाइन ग्राहींवर परिणाम करतात. हे ग्राही सस्तन प्राण्यांत नसल्याने अशी तेले जनावरांना निर्धोक मानली जातात. पचनमार्गाच्या बाबतीत मात्र हा निष्कर्ष अपुरा ठरतो.

आतड्यातील अन्न पुढे सरकते ते अनैच्छिक स्नायूंच्या लयबद्ध आकुंचनामुळे. त्यासाठी स्नायुपेशींत कॅल्शियमचे आयन शिरावे लागतात. पुदिन्याच्या तेलातील मेंथॉल हाच प्रवेश रोखते. परिणामी स्नायू सैल पडतो व मुरडा कमी होतो. मानवी उपचारांत हे तेल आतड्यात विरघळणाऱ्या आवरणाच्या कॅप्सूलमधून देतात. ते जठरातच मोकळे झाल्यास अन्ननलिकेच्या खालच्या टोकाची झडप सैल होऊन छातीत जळजळ होऊ शकते.

रवंथ करणाऱ्या जनावरांत याचा अर्थ बदलतो. गाईचे कोठीपोट मिनिटाला साधारण 1 ते 2 वेळा आकुंचन पावते आणि त्यामुळे वायू ढेकरेवाटे बाहेर पडतो. ही हालचाल मंदावल्यास पोटफुगी वाढते. शिवाय अधिक मात्रेतील सुगंधी तेल कोठीपोटातील उपयुक्त सूक्ष्मजीवांनाही मारक ठरते. फेसाळ पोटफुगीत गोडेतेल उपयोगी पडते, ते फेस मोडते म्हणून. सुगंधी अर्कांचे कार्य निराळे आहे.

उत्तर प्रदेशातील बाराबंकीसारख्या मेंथा उत्पादक भागात हे तेल सहज हाताशी असते. तरीही पोटफुगी झालेल्या जनावराला ते अंदाजाने पाजू नये. घाईने पाजलेले तेल श्वासनलिकेत जाऊन फुप्फुसदाहही होऊ शकतो. मात्रा व पद्धत पशुवैद्यकाने ठरवावी.