हरळीचा स्वभाव आणि हिरवळीचे यंत्र

मृगाचे पहिले दोन पाऊस पडून गेले आणि वैशाखात तडकलेल्या काळ्या जमिनीच्या भेगा मिटल्या, की नाशिक रोडमधील जेल रोडच्या आणि जय भवानी रोडच्या बैठ्या घरांपुढील अंगणांत व देवळाली कँपातील प्रशस्त आवारांत एक गोष्ट दरसाल न चुकता घडते. उन्हाळ्यात पिवळी पडून मेल्यासारखी दिसणारी हिरवळ आठ-दहा दिवसांत घोट्याला लागू लागते, आणि ती कापावयाची कशाने, या प्रश्नाचा घराघरांत खल सुरू होतो. एके काळी या प्रश्नाचे उत्तर विळा आणि उकिडवा बसून अंगणभर सरकत जाणारा माळी एवढेच होते. आज नाशिक रोडच्या गृहस्थाला दुकानात हाताने ढकलावयाची, विजेची, बॅटरीची आणि पेट्रोलची अशी अनेक यंत्रे मांडलेली दिसतात, आणि त्याच्या तोंडून पहिला प्रश्न बाहेर पडतो तो ‘मोटार किती ताकदीची?’ असा. प्रश्न गैर नाही, परंतु तो शेवटी विचारावयाचा आहे. त्यापूर्वी आपले गवत कोणते, आपली जमीन कशी आणि तिचे क्षेत्र किती, या तीन गोष्टींची खातरजमा झाली पाहिजे. कारण यंत्राची निवड खरे पाहता दुकानात होत नसून अंगणात होते, आणि ती गवत करते.

आपल्याकडील बहुसंख्य अंगणांतले गवत म्हणजे हरळी. वनस्पतिशास्त्राच्या दप्तरी तिची नोंद सायनोडॉन डॅक्टिलॉन या नावाने आहे. गणपतीला वाहावयाची दूर्वा तीच, पिकात शिरली म्हणजे शेतकऱ्याला बेजार करणारी तीच, आणि नेमस्त कापून ठेवली असता अंगणाला शोभा आणणारीही तीच. जमिनीवरून धावत जाणारी तिची खोडे दर पेऱ्याला मूळ धरतात, आणि जमिनीखालूनही तिच्या मुळ्यांसारख्या दिसणाऱ्या खोडांचा प्रवास चालूच असतो. ‘हरळीची मुळी’ हा चिवटपणाचा दाखला आपल्या भाषेत उगाच रूढ झालेला नाही. ऊस, मका आणि ज्वारी यांच्याप्रमाणेच हरळीही प्रखर उन्हाचा पुरेपूर उपयोग करून घेणाऱ्या वनस्पतींच्या गटातली असल्यामुळे २५ ते ३५ अंश तापमानात ती झपाट्याने वाढते, आणि पौषात नाशिकचा पारा रात्री १० अंशांच्या खाली उतरला म्हणजे जवळजवळ थबकते. नाशिकला वर्षाकाठी पडणारा सुमारे ७०० मिलिमीटर पाऊस बहुतांशी जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच पडतो. तेव्हा आषाढ-श्रावणात दर आठवड्याला आणि थंडीत तीन-चार आठवड्यांतून एकदा, असा कापणीचा शिरस्ता येथे आपोआपच ठरून जातो. रोपवाटिकांतून मिळणारी ‘सिलेक्शन वन’ ही ठेंगणी जात याच कुळातली आहे. कोरियन गवत मात्र निराळे. ते मंदगतीने वाढते, पण त्याची पाने ताठ व चिवट असल्याने पात्याची धार लवकर मारतात.

आता मूळ प्रश्न असा, की वारंवार मुंडण होऊनही गवत मरत कसे नाही? नाशिकच्या द्राक्षबागायतदाराला छाटणीचे शास्त्र समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी करताना काडीवर किती डोळे राखावयाचे, याचा हिशेब तो मनाशी पक्का करूनच सिकेटर हाती घेतो, कारण वेलीची पुढील वाढ त्या डोळ्यांतून व्हावयाची असते. गवताची रचना याहून भिन्न आहे. त्याचा वाढीचा कोंब शेंड्यावर नसून अगदी तळाशी, जमिनीलगत दडलेला असतो. आणि पानाच्या बुडाशी असलेल्या, नव्या पेशी घडविणाऱ्या आंतरीय विभाजी ऊतीमुळे पान खालून वर ढकलले जात वाढते. पानाचे टोक म्हणजे त्याचा सर्वांत जुना भाग होय. गाईने ते खुडले काय किंवा यंत्राने कापले काय, वाढीचा कारखाना तळाशी सुरक्षितच राहतो. चरणाऱ्या जनावरांच्या सहवासात लक्षावधी वर्षे काढलेल्या या कुळाने आपले मर्मस्थान दातांच्या आवाक्याखाली ठेवण्याची जी तजवीज केली, तिच्यामुळेच हिरवळ ही वस्तू संभवते. त्याच अंगणात उगवलेली रुंद पानांची बहुतेक रोपे शेंड्यावर वाढणारी असल्याने वारंवारच्या कापणीत मागे पडतात. म्हणजे नियमित कापणी ही एक प्रकारची निंदणीच ठरते.

तथापि या सहनशीलतेलाही मर्यादा आहे. पान हे गवताचे स्वयंपाकघर आहे, आणि मुळांचे पोषण तेथूनच होते. अमेरिकेच्या कृषिखात्यातील एफ. जे. क्रायडर यांनी १९५५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे आढळून आले, की एका वेळी निम्मी अथवा त्याहून अधिक पाने कापली असता मुळांची वाढ काही काळ थांबते, आणि ८०-९० टक्के पाने काढली तर ती कित्येक दिवस थांबून राहते. एका कापणीत उंचीच्या एक-तृतीयांशाहून अधिक भाग काढू नये, हा बागकामातील सर्वमान्य नियम या निष्कर्षाशी तंतोतंत जुळतो. हरळी तीन सेंटिमीटरांवर राखावयाची असेल, तर ती साडेचारांवर पोहोचताच कापली पाहिजे. ज्याला कापणीची उंची बदलण्याची सोय नाही, असे यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी घेऊ नये, हा निवडीचा पहिला दंडक येथूनच निघतो.

यंत्राचा इतिहासही या दृष्टीने उद्बोधक आहे. इंग्लंडातील ग्लॉस्टरशायर परगण्यात स्ट्राउड हे गाव लोकरी कापडाच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध होते. विणलेल्या बनातीवर उभी राहिलेली लव एकसारखी छाटण्यासाठी तेथे सर्पिल पात्यांचा फिरता रूळ वापरीत असत. ते यंत्र पाहून एडविन बडिंग नावाच्या कारागिराच्या मनात आले, की कापडाची लव जर अशी छाटता येते, तर जमिनीची का येऊ नये? १८३० साली त्याने आपल्या यंत्राचे पेटंट घेतले. एकोणीस इंच रुंदीचे, लोखंडी, ओबडधोबड असे ते यंत्र होते. परंतु सद्गृहस्थांना ते चालविण्यात करमणूक व आरोग्यदायी व्यायाम दोन्ही लाभतील, असा विश्वास त्याने पेटंटाच्या दस्तऐवजातच व्यक्त केला होता. १८३२ पासून इप्सविचच्या रॅन्सम कंपनीने परवाना घेऊन त्याचे उत्पादन सुरू केले. पुढे त्याला घोडी जुंपली गेली, वाफेचा प्रयोग झाला, १९०२ मध्ये पेट्रोलचे इंजिन बसले, आणि १९९५ साली स्वीडनमधील हुस्कवार्ना कंपनीने सूर्यप्रकाशावर आपोआप चालणारे यंत्रही बाजारात आणले. शक्तीचा उगम पालटत गेला; तरी बडिंगने योजिलेली सर्पिल पात्यांच्या रुळाची रचना आजही, जगातील उत्तमोत्तम क्रिकेट मैदानांवरसुद्धा, चालू आहे.

आजच्या यंत्रांचे मुख्य प्रकार दोन. पहिला हा बडिंगच्या वंशातला. त्यातील सर्पिल पात्यांचा रूळ फिरत असताना गवताचे पान तळाच्या स्थिर पात्यावर टेकवितो, आणि दोन धारांमध्ये धरून कात्रीप्रमाणे कापतो. दुसऱ्या प्रकारात एकच आडवे पाते जमिनीला समांतर गरगर फिरते. तेथे पानाला आधार कसलाच नसतो. नुसत्या वेगाच्या तडाख्याने, कोयत्याच्या घावाप्रमाणे, ते तोडले जाते. हा वेग सामान्य नव्हे. चाळीस सेंटिमीटर लांबीचे पाते मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर त्याचे टोक सेकंदाला सुमारे ६३ मीटर, म्हणजे ताशी सव्वादोनशे किलोमीटर वेगाने जात असते. नाशिक रोड स्थानकातून धडधडत जाणारी एकही आगगाडी या वेगाच्या जवळपास येत नाही. अशा पात्याखाली अंगणातला खडा सापडला, तर तो बंदुकीच्या गोळीसारखा सुटतो. म्हणून हे यंत्र चालविताना मुलांना व जनावरांना दूर ठेवावे, पायात चपला नव्हे तर बंद जोडे असावेत, आणि आत अडकलेले गवत काढण्यापूर्वी वीज तोडलेली असावी. यात कसूर करण्यास मुळीच वाव नाही.

कात्रीने कापलेल्या पानाची जखम सरळ व लहान असते, ती लवकर सुकते. बोथट कोयत्याखाली पान फाटते. त्याच्या टोकाला तंतूंची झालर उरते, तेथून पाणी उडून जाते, बुरशीला वाट मिळते, आणि दोन दिवसांनी सगळ्या हिरवळीवर तपकिरी छटा पसरते. बोथट सिकेटरने चेचलेली द्राक्षाची काडी ज्याने पाहिली आहे, त्याला हे सहज पटेल. मात्र रुळाच्या यंत्रालाही एक उणेपण आहे. गवत वीतभर वाढले, त्याला तुरे आले, की रूळ त्याला न कापता वाकवून पुढे निघून जातो. ज्यांना श्रावणात महिनाभर गावी जावे लागते, अथवा ज्यांचे अंगण उंचसखल व खडकाळ आहे, त्यांना फिरत्या आडव्या पात्याचेच यंत्र सोयीचे पडेल. त्यांनी ते प्रथम सर्वांत अधिक उंचीवर लावावे आणि चार-चार दिवसांच्या अंतराने गवत टप्प्याटप्प्याने खाली आणावे.

आता क्षेत्राचा हिशेब पाहू. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जमीन, सुमारे १०१ चौरस मीटर. यंत्राची कापणीची रुंदी तीस सेंटिमीटर असेल आणि प्रत्येक पट्टा शेजारच्या पट्ट्यावर पाच सेंटिमीटर चढवावयाचा असेल, तर दहा मीटर लांबीच्या चाळीस खेपांत, म्हणजे अवघ्या चारशे मीटर चालण्यात, एक गुंठा हिरवळ कापून होते. वळणांचा वेळ धरूनही या कामाला पंधरा-वीस मिनिटे पुरतात. नाशिक रोडच्या बहुतेक घरांपुढील हिरवळ एका गुंठ्याच्या आतलीच असते, आणि एवढ्या कामासाठी इंजिन पोसण्याचे काही प्रयोजन दिसत नाही. क्षेत्र दहा गुंठ्यांवर गेले म्हणजे तीच चाल चार किलोमीटरांची होते, आणि तेथे मात्र मोटारीचे साहाय्य न्याय्य ठरते.

जमिनीचाही कौल याच बाजूचा आहे. आपली काळी माती पाणी पिऊन फुगते आणि मऊ होते. नेमक्या ज्या महिन्यांत गवत सर्वाधिक वाढते त्याच महिन्यांत ती यंत्राचा भार सोसण्यास सर्वांत असमर्थ असते. जड यंत्राची चाके तिच्यात चाकोऱ्या पाडतात, माती दाबली जाते आणि मुळांना हवा मिळेनाशी होते. हाताने ढकलावयाचे हलके यंत्र येथे अधिक हितकारक होय. अर्थात यंत्र कोणतेही असो, दोन सरींच्या मधली उघडीप साधून, गवत सुकल्यावरच ते बाहेर काढावे.

मोटारीचेच यंत्र घ्यावयाचे, तर प्रत्येक शक्तीचा जमाखर्च निराळा आहे. वायरीचे विजेचे यंत्र स्वस्त व हलके खरे, परंतु ओल्या गवतात २३० व्होल्टची वायर ओढीत फिरणे हा धोक्याचा व्यवहार आहे. ३० मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी घरात बसविलेला नसेल, तर या वाटेला जाऊच नये. बॅटरीचे यंत्र निर्धोक व शांत, पण त्याची बॅटरी नाशिकच्या चैत्र-वैशाखात पत्र्याच्या खोलीत ठेवली तर तिचे आयुष्य घटते. पेट्रोलचे यंत्र दमदार, तथापि चालविणाऱ्याच्या कानापाशी त्याचा आवाज ९० डेसिबलच्या आसपास जातो. आपल्या देशात २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल ठरविली आहे, आणि दर दहा डेसिबलांना आवाजाची तीव्रता दहापट होते, हे ध्यानात घेतले म्हणजे भिंतीला भिंत लागलेल्या वसाहतीत रविवारी सकाळी असे इंजिन सुरू करण्यापूर्वी सुजाण माणूस शेजाऱ्याचा विचार करील.

शेवटची गोष्ट धारेची. गवताच्या पानांत सिलिकेचे सूक्ष्म कण असतात; वाळूचाच तो एक प्रकार. त्यामुळे उत्तम पोलादाची धारही हळूहळू झिजतेच. आडवे पाते काढून कानशीने घासता येते, दोन्ही बाजूंचे वजन सारखे राखले म्हणजे झाले. रुळाच्या यंत्रात मात्र रूळ व स्थिर पाते यांमधील अंतर दोन्ही टोकांना सारखे आणि केसाएवढे असावे लागते. ते जुळवून देणारा कारागीर आणि पात्याचे सुटे भाग नाशिकमध्ये मिळतात की नाही, याची चौकशी यंत्राचे पैसे मोजण्यापूर्वी करावी.

तेव्हा निर्णय असा: अंगण सपाट व गुंठ्याच्या आतले असेल, गवत हरळीचे असेल आणि पावसाळ्यात आठवड्यातून वीस मिनिटे देण्याची तयारी असेल, तर पाच पात्यांचा रूळ असलेले, उंची बदलता येणारे, हाताने ढकलावयाचे यंत्र घ्यावे. ते घेण्यापूर्वी दुकानातच त्याची परीक्षा पाहावी. या पुरवणीच्या कडेची बोटभर पट्टी फाडून बरोबर न्यावी, ती रूळ आणि स्थिर पाते यांच्यामध्ये धरावी, आणि बोटे दूर ठेवून यंत्र हलकेच पुढे सरकवावे. पट्टी डाव्या टोकाला, मध्यभागी आणि उजव्या टोकाला सारखीच स्वच्छ कापली गेली, तर यंत्र घरी आणावे. ती दुमडली किंवा फाटली, तर तेथेच ठेवावे.