शनिवार रात्र, विनोदाची

परवा आर्वीत एका मित्रानं विचारलं, "टीव्हीवर चांगला विनोद पाहायचा तर सुरुवात कुठून करू?"

आमच्या घरी दर शनिवारी जेवणं आटोपली की सगळे मिळून विनोदी भाग पाहतो. त्यातले आवडलेले हे चार कार्यक्रम.

📺 चिमणराव: सत्तरच्या दशकातलं मुंबई दूरदर्शन. कथा चिं. वि. जोशींच्या. दिलीप प्रभावळकर चिमणराव, बाळ कर्वे गुंड्याभाऊ. इथं हसू स्वभावातून येतं.

📺 ये जो है जिंदगी (१९८४): लेखक शरद जोशी. सतीश शाह दर भागात नव्या माणसाच्या रूपात येत. चाल, आवाज, नजर सगळं बदललेलं!

📺 चला हवा येऊ द्या (२०१४ मध्ये सुरू): आर्वीच्या शेजारच्या अमरावतीचे भारत गणेशपुरे. त्यांचा वऱ्हाडी ठेका ऐकला की घरचंच कोणी बोलतंय असं वाटतं.

📺 महाराष्ट्राची हास्यजत्रा (२०१८ पासून): समीर चौघुले, नम्रता संभेराव यांचं टायमिंग पाहाच.

पाहताना एक करा. प्रहसनाच्या सुरुवातीला सहज आलेलं वाक्य लक्षात ठेवा. चांगला लेखक तेच शेवटी वेगळ्या अर्थानं परत आणतो, आणि सगळ्यात मोठा हशा तिथंच येतो.

एका बैठकीत दोनच भाग पाहा, मग त्यावर गप्पा मारा.

तुमच्या घरी काय पाहता? काही विचारायचं असेल तर बिनधास्त विचारा!