जळोचीहून मेक्सिकोला बिऱ्हाड हलवताना

मेक्सिकोत संसार थाटणं मराठी माणसाला नवं नाही. वर्ध्यात जन्मलेले गदर क्रांतिकारक डॉ. पांडुरंग खानखोजे 1924 साली तिथे पोहोचले, चापिंगोच्या राष्ट्रीय कृषिशाळेत प्राध्यापक झाले आणि मक्याच्या वाणांवर काम करत तीस वर्षं तिथलेच होऊन राहिले. 2022 मध्ये चापिंगो विद्यापीठात त्यांचा पुतळा उभा राहिला. शेतीच्या ओळखीने परका देशही आपला होतो, हे त्यांनी दाखवलं.

आज जाणाऱ्याने आधी कागदपत्रं नीट करावीत. तात्पुरत्या रहिवासाचा व्हिसा वकिलातीतून मिळतो. मात्र उतरल्यापासून 30 दिवसांत तिथल्या स्थलांतर कार्यालयात रहिवासी कार्डासाठी अर्ज करावाच लागतो. हे कार्ड जास्तीत जास्त चार वर्षं चालतं. सोबत 18 अक्षर-अंकी ‘कुर्प’ हा ओळख क्रमांकही लागतो.

भाषा स्पॅनिश. निघण्यापूर्वीच बाजारहाटापुरती शिकलेली बरी.

जेवणाची मात्र काळजी नको. तिथे मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर भिजवतात, सकाळी धुऊन वाटतात आणि त्या पिठाच्या गोळ्याची पोळी तव्यावर भाजतात. हा तॉर्तिया. चुन्यामुळे मक्याचं साल सुटतं, पीठ चिकट होतं आणि अंगी लागणारं जीवनसत्त्वही वाढतं. ज्वारीची भाकरी थापणाऱ्या हातांना ते काम परकं वाटत नाही.

घरी फोन करताना लक्षात ठेवा: जळोचीत सकाळचे आठ, तेव्हा मेक्सिको सिटीत आदल्या रात्रीचे साडेआठ. तेव्हा दोन्ही घरं जागी असतात.