जुना ट्रॅक्टर आणि आपला यत्नाचार

नांदेड-लातूरच्या आडत व्यवसायातील अनेक कुटुंबांची शेतीही आहे. ट्रॅक्टर मात्र सालगडी चालवतो. जुन्या ट्रॅक्टरला बहुधा संरक्षक कमान नसते. बांधावर तो उलटला, तर चालकाला उडी मारण्याचाही अवधी मिळत नाही. स्वीडनने १९५९ मध्ये नव्या ट्रॅक्टरना अशी कमान सक्तीची केली. पुढे उलटून होणारे मृत्यू कमालीचे घटले.

कमान त्या मॉडेलसाठी चाचणी झालेलीच घ्यावी. नळ्या जोडून घरगुती केलेली आघातात मोडू शकते. सोबत सीटबेल्टही हवाच, अन्यथा फेकला गेलेला चालक कमानीखालीच सापडतो.

तत्त्वार्थसूत्र हिंसेचे मूळ प्रमादात सांगते. पाणी गाळून पिणाऱ्या घराने सालगड्याच्या जिवाविषयी प्रमाद करावा काय?